जुना कनेक्टिंग रॉड मोजल्याशिवाय भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या गॅरेजांत धांदल उडते. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढून दमलेले ट्रॅक्टर पावसाळाभर उभे असतात आणि कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत त्यांची इंजिनं बांधून घ्यायची असतात. लायनर-पिस्टन नवीन घालायचे, क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगला पाठवायचा, हेडचं काम करून घ्यायचं, एवढं प्रत्येक मालकाला ठाऊक असतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यापाशी, म्हणजे कनेक्टिंग रॉडपाशी, गाडी अडते. मालक मिस्त्रीकडं बघतो, मिस्त्री स्पेअर पार्टवाल्याकडं बघतो, आणि "नवीनच टाकून घ्या, कटकट नको" एवढ्यावर निकाल लागतो. कंपनीनं घातलेला मूळ रॉड भंगाराच्या पोत्यात जातो. त्याच्या जागी जो बसतो तो कुठं घडला आणि कुणी तपासला, हे त्या तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

निपाणीत आमचं इंजिन रिकंडिशनिंगचं छोटं मशीनशॉप आहे. लेथ आणि होनिंग (भोक आतून घासून मापाला आणणं) दीर व मुलगा बघतात, मापाचं टेबल माझ्याकडं असतं. आलेला प्रत्येक रॉड मोजायचा, वहीत उतरवायचा आणि चालेल की बाद ते सांगायचं, हे माझं काम. रॉड दुरुस्त करण्यावरच आमचं घर चालतं, तेव्हा मी माझ्या धंद्याची बाजू मांडतेय असं कुणाला वाटू शकेल. त्यांना एवढंच सांगते की बाद ठरवलेल्या रॉडचा आम्हाला एक पैसा मिळत नाही, आणि बाद करायचे रॉड मी बादच करते. माझं म्हणणं सरळ आहे. मोजून, तडा तपासून, नवे बोल्ट घालून तयार केलेला स्वतःच्याच इंजिनाचा मूळ रॉड हा बाजारातल्या अनोळखी नव्या रॉडपेक्षा भरवशाचा असतो. आणि तो मापात बसत नसेल तर कितीही जीव लावलेला असला तरी तो परत इंजिनात जाता कामा नये.

हा रॉड काय सोसतो ते आधी सांगते. पन्नास एचपीच्या आसपासचा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर घ्या. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ११० मिमी धरा. डिझेल पेटलं की पिस्टनच्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोच्या घरात दाब येतो, म्हणजे एका रॉडवर जवळजवळ ७ टन. हा आकडा ऐकून माणूस दचकतो, पण हा भार रॉडला दाबणारा आहे आणि घडीव पोलाद दाब चांगला सोसतं. रॉड तोडणारा भार उलट दिशेचा असतो. एक्झॉस्टच्या शेवटी, म्हणजे धूर बाहेर ढकलून झाला की, पिस्टन वर जाऊन थांबतो आणि पुन्हा खाली खेचला जातो, तेव्हा रॉड ताणला जातो. तो ताण सगळा बिग एंडच्या (क्रँकला धरणाऱ्या खालच्या टोकाच्या) कॅपवर, म्हणजे त्या टोकाच्या सुट्या अर्ध्या भागावर, आणि तिच्या दोन बोल्टांवर येतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून दोन किलो वजन धरलं, तर २२०० आरपीएमला (मिनिटाला २२०० फेऱ्यांना) हा ताण साधारण ७५० किलो भरतो. आता तवंदीच्या घाटात भरलेल्या ट्रॉल्या मागून रेटायला लागल्या, ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन २८०० वर गेलं, तर तोच ताण १२०० किलोच्या आसपास जातो. आरपीएम वाढतात त्याच्या वर्गाच्या पटीत हा ताण वाढतो. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल तोडेल, पण मागून ढकलणाऱ्या उसाला तो थोपवू शकत नाही. "चढाला काय झालं नाही, उतारालाच कनेक्टिंग ब्लॉक फोडून बाहेर आला" असं ड्रायव्हर सांगतात, ते याच कारणानं.

पोलादाचा एक मोठा गुण आहे. ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर कोट्यवधी फेऱ्या झाल्या तरी चांगला घडवलेला रॉड थकत नाही. म्हणून दहा-बारा हंगाम ओढलेला मूळ रॉड केवळ जुना झाला म्हणून वाईट होत नाही. झिजतं ते वेगळंच. स्मॉल एंडचा, म्हणजे पिस्टनकडच्या टोकाचा, गनमेटलचा बुश (आत बसवलेली कडी) झिजतो. बिग एंडचं भोक लंबगोल होतं, कारण ताण नेहमी उभ्या दिशेनं बसतो. आणि बोल्ट ताणले जातात. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात.

बिग एंडचं भोक कसं जागेवर आणतात ते बहुतेक मालकांनी पाहिलेलं नसतं. रॉडचा आणि कॅपचा जोडाचा पृष्ठभाग मशीनवर शतांश मिलिमीटरच्या हिशेबानं अगदी थोडा घेतात. मग कॅप नव्या बोल्टांनी, टॉर्क पान्यानं, कंपनीनं सांगितलेल्या ताकदीवर आवळतात. आता भोक उभ्या दिशेनं किंचित लहान झालेलं असतं. ते होनिंग करून पुन्हा मूळ मापाला आणि पूर्ण गोल करायचं. मी बोअर डायल गेज तीन दिशांनी फिरवून बघते. काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत हलला तर पास, नाहीतर परत मशीनवर. एवढा हट्ट कशासाठी? बेअरिंगचा शेल (क्रँकभोवती बसणारी पातळ अर्धगोल पट्टी) त्या भोकात दाबून धरलेला असतो आणि ती पकडच त्याला जागेवर ठेवते. भोक सैल किंवा लंबगोल असेल तर शेल फिरतो, ऑइलचं छिद्र बंद होतं आणि अर्ध्या तासात क्रँकसकट सगळं जातं. कॅप काचेवर एमरी पेपर ठेवून हातानं घासणं, शेलच्या मागं पत्र्याचा किंवा कागदाचा तुकडा घालणं हे प्रकार अजूनही चालतात. त्यानं आवाज आठवडाभर बंद होतो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, म्हणून ते चालतात.

तड्याची तपासणी तर आमच्या भागात जवळजवळ कुणीच मागत नाही. आमच्याकडं एका कोपऱ्यात काळं कापड लावून अंधार केला आहे. रॉडला चुंबकत्व द्यायचं, त्यावर लोखंडाच्या बारीक भुकटीचं चमकणारं द्रावण ओतायचं आणि अतिनील दिव्याखाली बघायचं. चांगला रॉड नुसता फिकट दिसतो. तडा असला की भुकटी तिथं जमते आणि बोल्टच्या बैठकीच्या कोपऱ्यात केसासारखी हिरवी रेघ उजळते. दिवसाच्या उजेडात तोच रॉड हातात घेतला तर डोळ्यांना, नखाला काहीही लागत नाही. मिस्त्री लोकांना मी मुद्दाम पडद्यामागं बोलावून ती रेघ दाखवते. एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. ज्यांच्याकडं हे यंत्र नाही त्यांनी निदान जुनी पद्धत वापरावी. रॉड रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड लावायची. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. बारीक तडा यात सुटतो हे खरं, पण मोठा सापडतो.

मूळ रॉड बादच करावा लागतो, अशी कारणंही सांगते. बेअरिंग जळून बिग एंड निळा पडला असेल, तर पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलेलं आहे. अशा रॉडचं अंग आणि भोक दोन्हींवर माझा विश्वास राहत नाही. रॉडच्या अंगावर छिन्नीचा किंवा सेंटर पंचाचा खोल घाव असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. सिलिंडरचा नंबर घालायला रॉडच्या मधल्या दांड्यावर पंच मारणाऱ्या मिस्त्रींनी हात आवरावा अशी कळकळीची विनंती आहे. कॅप दुसऱ्याच रॉडची असेल तर तेही बाद. रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र बोअर केलेली जोडी असते आणि तिचे नंबर एका बाजूला यावे लागतात. आजच्या बऱ्याच मोटारींत आणि पिकअपमध्ये कॅप कापून न काढता तडकवून वेगळी केलेली असते. तिचा जोड घासता येत नाही, म्हणून तिथं भोक गेलं की बहुधा नवाच रॉड घ्यावा लागतो.

पण आमच्या तालुक्यांत बाद रॉडचं सगळ्यांत मोठं कारण पूर आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठचे कितीतरी ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं बुडाली. पाणी ओसरल्यावर लोकांनी ऑइल बदललं, फिल्टर पुसला आणि ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू केला. सिलिंडरमध्ये राहिलेलं वाटीभर पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि पिस्टन व क्रँक यांच्यामधला रॉड वाकतो. तो तुटत नाही, नुसता वाकतो, आणि तेवढ्यानंच घात होतो. इंजिन चालू होतं, मालकाला हायसं वाटतं. कारदग्याकडचे एक मामा असाच ट्रॅक्टर घेऊन आमच्याकडं आले होते. "वहिनी, चालू तर झालाय बगा, पर सकाळी पांढरा धूर मारतोय आन् ताकद न्हाई," एवढीच त्यांची तक्रार. हेड काढून चारी पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणले आणि डायल लावला. तीन पिस्टन एका उंचीला, तिसऱ्या नंबरचा जवळजवळ एक मिलिमीटर खाली. रॉड वाकून आखूड झाला होता. पिस्टन काढला तर त्याच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासल्याची तिरकी खूण स्पष्ट होती. मामा म्हणाले, प्रेसवर सरळ करून द्या. आम्ही नकार दिला. दाबून सरळ केलेला रॉड मोजमापाला सरळ दिसतो, पण वाकताना आणि पुन्हा सरळ होताना पोलादाच्या आत जे झालं ते तसंच राहतं, आणि उसाच्या ओझ्याखाली तो पुन्हा त्याच जागी दगा देतो. त्यांना नवा रॉड घ्यायला लावला. नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला माझं सांगणं आहे की ट्रॅक्टर पाण्यात बुडाला असेल, तर इंजेक्टर काढून हातानं क्रँक फिरवून पाणी बाहेर पडल्याशिवाय त्याला ओढूही नका आणि सेल्फही मारू नका.

आता बाजारातल्या नव्या रॉडबद्दल. सगळा आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचा नसलेला, बाजारातला) माल वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. इंजिन कंपन्यांना फोर्जिंग (घडीव भाग) पुरवणारे कारखाने बाजारातही आपला माल देतात, आणि तो उत्तम असतो. ज्यांचे मूळ भाग मिळेनासे झालेत त्यांना तर हाच आधार. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी ते ट्रॅक्टर आमच्याकडं अजून शेतात आहेत. त्यांच्या मालकांनी तर मूळ रॉड जपूनच ठेवावेत. अडचण आहे ती बिननावाच्या किंवा नकली खोक्यातल्या मालाची. त्यात घडाई बरी असते तर उष्णतेची प्रक्रिया कच्ची असते. प्रक्रिया बरी असली तर बोल्ट हलके असतात. बाहेरून चकाचक रंग आणि खोक्यावर होलोग्राम, मग गिऱ्हाईक काय ओळखणार?

तरी मालकाला स्वतःला बऱ्याच गोष्टी बघता येतात. रॉडच्या बगलेवर जोडाची खूण बघा. घडीव रॉडवर ती रुंद, घासलेल्या पट्ट्यासारखी असते, ओतीव रॉडवर बारीक रेघ असते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला मूळ घडीव असताना ओतीव रॉड कुणी देत असेल तर घेऊ नका. अंगावर घडवणाऱ्याची खूण आणि बॅचचा नंबर हवा. बोल्टच्या डोक्यावर कसलीच खूण नसेल तर ते बोल्ट बाजूला काढा. स्मॉल एंडला ऑइल जाण्यासाठी तुमच्या मूळ रॉडमध्ये आरपार छिद्र असेल, तर नव्यातही ते आहे का हे तारेनं बघा, आणि आत मशीनिंगचा चुरा राहिलेला नाही ना हेही बघा. आणि चारी रॉड वजन करा. त्याला मशीनशॉप लागत नाही, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. एका गिऱ्हाईकानं आणलेल्या चार नव्या रॉडांच्या सेटमध्ये सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड यांत ४० ग्रॅमचा फरक मला सापडला. कंपन्या रॉडांचे वजनाप्रमाणे गट पाडतात आणि एका इंजिनात एकाच गटाचे रॉड घालतात. रॉडवर त्या गटाचं अक्षर कोरलेलं असतं. म्हणून चारांतला एकच रॉड बदलायचा असेल तेव्हा दुकानात ते अक्षर आणि वजन दोन्ही सांगून मागा. शिवाय कुठल्याही नव्या रॉडचं बिग एंड कॅप आवळून मोजून घ्या. खोक्यातून आला म्हणजे गोल असेलच असं नसतं. आम्ही नवे रॉडही मोजतो आणि लागलं तर होन करतो. मग तो खर्च धरला की स्वस्त रॉड फारसा स्वस्त राहत नाही.

तिसराही एक प्रकार आहे, आणि मला तो सगळ्यांत घातक वाटतो. "तुमचे जुने द्या, आमचे तयार रिकंडिशन घेऊन जा." हे तयार रॉड कुठल्या इंजिनातून निघाले, ते पुरात वाकलेले होते का, निळा पडलेला भाग ॲसिडनं धुऊन पांढरा केलाय का, हे कळायला मार्ग नसतो. आम्ही बाद केलेले रॉड भंगारवाल्याकडं जातात आणि रंग लावून पुन्हा बाजारात येतात, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्याच हातची बाद केल्याची खूण घासून काढलेला रॉड दुसऱ्या गावच्या गिऱ्हाईकाच्या पिशवीतून माझ्या टेबलावर आला होता. तेव्हापासून आमच्याकडं बाद रॉड मालकासमोर गॅसनं मधोमध कापला जातो. प्रत्येक गॅरेजनं आणि मशीनशॉपनं हे करावं. त्यानं भंगाराच्या किमतीत काही कमी होत नाही.

आपल्या दैनिकामार्फत मला तिघांकडं मागणी करायची आहे. साखर कारखान्यांचे वाहतूक करार उन्हाळ्यापासूनच सुरू होतात आणि ट्रॅक्टरमालकांना उचल दिली जाते. त्याच वेळी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये रॉड-क्रँक मोजणीची आणि तडातपासणीची सोय करावी. हंगामात रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॅक्टरमागं ऊस वाळतो आणि कारखान्याचाही साखरेचा उतारा घटतो, तेव्हा हा खर्च त्यांनाही परवडणारा आहे. दुसरी मागणी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडं आणि सरकारी आयटीआयकडं. उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फौंड्र्या आहेत, मशीनिंगचे कारखाने आहेत, महाविद्यालय आहे, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय आहे. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबानं बनतात. त्याच हत्तरगीवरून उसाच्या ट्रॉल्या ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरचा रॉड मात्र कुणी मोजलेला नसतो. दसऱ्याआधी तालुक्याच्या गावी दोन-दोन दिवसांची तपासणी शिबिरं भरवली, तर मुलांना खऱ्या झिजलेल्या भागांवर हात बसवता येईल आणि शेतकऱ्याला खरं माप कळेल.

तिसरी मागणी आम्हा मशीनशॉपवाल्यांकडंच. प्रत्येक कामाबरोबर मापाची चिठ्ठी द्या. रॉड मूळ आहे की बाजारातला, बिग एंडचं माप, बुशचं माप, वाक आणि पीळ किती, वजन किती, बोल्ट नवे की जुने, तडा तपासला की नाही. एवढं एका कागदावर मावतं. कन्नड, मराठी कुठल्याही भाषेत लिहा, आकडे तेच राहतात. निपाणीचं गिऱ्हाईक क्रँक घेऊन कधी कोल्हापूरला जातं, कधी बेळगावला. चिठ्ठी बरोबर असली तर पुढच्या वेळी इंजिन कुणीही खोललं तरी त्याला मागचा हिशेब कळेल. मालकांनीही ती मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि काढलेले जुने भाग आपल्याच ताब्यात घ्यावेत.

रॉड मोजायला आणताना एक काळजी घ्या. चारी कॅप सुट्या करून एका पिशवीत टाकून आणू नका. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडला, नंबर एका बाजूला ठेवून, तिच्याच बोल्टांनी हलकी आवळून आणा, आणि बेअरिंगचे जुने शेलही टाकून न देता सिलिंडरच्या नंबरानुसार वेगळे बांधून आणा. कुठला रॉड वाकलाय ते पुष्कळदा शेलवरच्या झिजेवरूनच आधी कळतं.

आपली विश्वासू,
एक मशीनशॉप-चालक, निपाणी
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)